कामचोर, अंगचोर, पगारचोर: काम टाळण्याचे शब्द कुठून येतात?

काम टाळणाऱ्यावर मराठी थेट चोरीचा आळ घेते. तो कामचोर असतो, नाहीतर अंगचोर. यातला दुसरा शब्द मला जास्त नेमका वाटतो. पाच जण मिळून कपाट उचलत असतील, तर अंगचोराचेही हात कपाटाला लागलेले असतात. चेहऱ्यावर ताण असतो, 'हं, उचला' हेही सगळ्यात मोठ्याने तोच म्हणतो. फक्त वजन त्याच्या वाट्याला येत नाही. ब्राझीलमधल्या पोर्तुगीजमध्ये या प्रकाराला 'फाझेर कोर्पु मोली' म्हणतात, म्हणजे अंग मऊ सोडणे. जपानीत चोर कायम आहे, मुद्देमाल बदललाय: तिथला शब्द 'क्यूर्यो दोरोबो', पगारचोर. मराठीची तक्रार सोबत काम करणाऱ्याची आहे, जपानीची पगार देणाऱ्याची.

जगभरातले असे शब्द जमवायला घेतले की त्यांचे दोन ढीग होतील असं आधी वाटतं. एका ढिगात काम टाळण्याचे शब्द, दुसऱ्यात सोंगाचे. थोड्याच वेळात हे ढीग एकमेकांत मिसळायला लागतात, आणि त्याला कारण आहे. स्वतःच्या घरी, स्वतःच्या वेळात कोणी लोळत पडला तर फार तर त्याला आळशी म्हणता येईल; कामचुकार म्हणता येणार नाही. कामचुकारपणा घडायला काम दुसऱ्याचं लागतं, त्या कामाला आपला वेळ बांधलेला लागतो आणि वर लक्ष ठेवणारा कोणीतरी लागतो. एकदा लक्ष ठेवणारा आला की नुसतं काम टाळून भागत नाही. काम चाललंय असं दाखवावं लागतं, किंवा आपल्याच्याने ते का होणार नाही हे तरी दाखवावं लागतं. म्हणजे अभिनय आलाच.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा फ्रेंचमध्ये सापडतो. तिथे आळशी, रिकामटेकड्या माणसाला 'फेनेआँ' म्हणतात. शब्द पाहिला तर 'फे' म्हणजे करतो आणि 'नेआँ' म्हणजे शून्य, असा 'काहीही न करणारा' हा अर्थ अगदी उघड वाटतो. पण ही फोड नंतर कोणीतरी बसवलेली आहे. मूळ शब्द 'फेन्याँ', आणि तो 'सोंग करणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याच क्रियापदाचा आणखी एक अर्थ होता: हात आखडता घेणे, जीव तोडून न लढणे. सोंग करणारा आणि अंग चोरणारा यांच्यासाठी एकच शब्द पुरत होता. लोक ते विसरले, 'शून्य' त्यांना जास्त पटलं आणि स्पेलिंग बदललं. बोलताना मात्र फ्रेंच माणूस अजूनही सर्रास 'फेन्याँ' म्हणतो, म्हणजे नकळत जुनंच बरोबर म्हणतो. इंग्रजीत घेरी येण्याला जो 'फेंट' शब्द आहे तोही याच घराण्यातला. त्याचा सुरुवातीचा अर्थ खोटा, ढिला, भित्रा असा होता.

आता हे शब्द जन्मतात कुठे ते पाहू. घरात किंवा शेतात नाही, निदान ज्यांचा माग लागतो ते तरी नाहीत. बरेचसे छावणीत आणि जहाजावर जन्मले. फ्रेंच 'तीर-ओ-फ्लाँ' म्हणजे लढाईची फळी सोडून बाजूला सरकणारा. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या फ्रेंच सैनिकांनी पिछाडीच्या सुरक्षित जागा पटकावणाऱ्यांना 'आँब्युस्के' म्हटलं, इटालियनांनी 'इम्बोस्कातो'. दोन्हींचा अर्थ रानात दडलेला. अमेरिकी सैन्यात 'गोल्डब्रिक' हा शब्द चालला. त्याआधी सोन्याचा मुलामा दिलेली वीट अस्सल सोन्याची म्हणून गळ्यात मारणाऱ्या भामट्यांमुळे तो गाजला होता. वरून चकचकीत, आत माती.

आपला 'ऐदी'ही फौजेतूनच आला. मुघल सैन्यात 'अहदी' नावाचे स्वार असत. अरबीत 'अहद' म्हणजे एक. हे स्वार कोणा मनसबदाराच्या तुकडीत नसायचे, एकेकटे थेट बादशहाच्या सेवेत असायचे. मान मोठा, पगार चांगला, आणि एरवी हाताला फारसं काम नाही. बादशाही गेली, स्वार गेले, मराठीत आणि हिंदीत फक्त त्यांचं बसून राहणं उरलं.

सैन्यातच का, याचं उत्तर सरळ आहे. तिथे काम नाकारायची सोय नसते. शेतमजूर निदान दुसऱ्याच्या बांधावर जाऊ शकतो. शिपायाने 'नाही' म्हटलं तर शिक्षा होते, कधी कधी जीवच जातो. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला 'हो हो' म्हणत न करण्याची कला शिकावी लागते.

या कलेतला पहिला धडा आजारपणाचा. 1785 साली लंडनमध्ये निघालेल्या फ्रान्सिस ग्रोस यांच्या बोलीभाषेच्या कोशात आजाराचं निमित्त करून कामगिरी चुकवणाऱ्यासाठी लष्करी शब्द म्हणून 'मॅलिंगरर' नोंदवलेला आहे. तो फ्रेंचमधल्या 'रोगट' या अर्थाच्या शब्दावरून आलाय. कोरियनमध्ये याला 'क्वेब्योंग' म्हणतात: 'क्वे' म्हणजे युक्ती, 'ब्योंग' म्हणजे आजार. जर्मन भाषा थोडी खट्याळ आहे. फारसं काही झालेलं नसताना आजारपणाची रजा टाकण्याला तिथे 'क्रांकफायर्न' म्हणतात, म्हणजे जवळजवळ आजारपण साजरं करणे. या 'फायर्न'ला काम थांबवून विसावणे असाही जुना अर्थ आहे, पण ऐकणाऱ्याच्या मनात सण येतोच.

पोटदुखीपेक्षा वरचा वर्ग म्हणजे वेडाचं सोंग. ग्रीक कथेतल्या ओडिसियसला ट्रॉयच्या युद्धावर जायचं नव्हतं. बोलवायला लोक आले तेव्हा तो वेड लागल्यासारखा भलतीच जनावरं एकत्र जुंपून शेत नांगरत बसला. पालामिडीजने त्याचं तान्हं पोर, टेलेमाकस, नांगरासमोर नेऊन ठेवलं. ओडिसियसने नांगर वळवला आणि सोंग संपलं. सोंग उघडं पाडण्याच्या युक्त्याही सोंगाइतक्याच जुन्या आहेत. पुढे इंग्लंडात बेडलम या वेड्यांच्या इस्पितळातून सुटून आल्याचं सांगत भीक मागणाऱ्यांना 'अब्राहमवाले' म्हणू लागले, आणि खलाशांच्या बोलीत आजाराचं सोंग करणं म्हणजे 'शॅम अब्राहम' झालं.

मराठीत या जातीचा राजा म्हणजे 'वेड पांघरून पेडगावला जाणे'. भीमाकाठच्या पेडगावला मुघल सरदार बहादूरखानाचा तळ होता. मराठ्यांच्या छोट्या तुकडीने त्याच्या फौजेला हुलकावणी देत लांब नेलं आणि मागून दुसऱ्या तुकडीने तळ साफ केला, अशी कथा या वाक्प्रचारामागे सांगतात. कथेपेक्षा मला त्यातलं क्रियापद आवडतं. वेड लागत नाही, वेड पांघरतात. जपानी भाषेने हेच क्रियापद मांजरासाठी वापरलंय: 'नेको ओ काबुरु', मांजर डोक्यावरून पांघरणे. आतून वेगळाच असलेला माणूस चारचौघांत गरीब, निरुपद्रवी चेहरा करून वावरतो, त्याच्यासाठी हा वाक्प्रचार.

मांजराचं नाव असं उगाच आलेलं नाही. मनुस्मृतीत ढोंग्यांचे दोन प्रकार दिलेत, बैडालव्रतिक आणि बकव्रती: एक मांजरासारखा, एक बगळ्यासारखा. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पपटात एक मांजर पंजे वर करून तपश्चर्येला उभं आहे आणि आजूबाजूला उंदीर आहेत. इटालियनमध्ये साळसूदपणाचा आव आणणं म्हणजे 'मेलेली मांजर होणं'. जपानीत झोपेचं सोंग घेण्याला 'तानुकी नेइरी' म्हणतात, तानुकीची झोप. तानुकी हा कुत्र्याच्या कुळातला, दिसायला रॅकूनसारखा प्राणी. दचकला की मेल्यासारखा पडून राहतो अशी त्याची ख्याती आहे. बिचारा खरोखर घाबरलेला असतो. सोंगाचा आरोप माणसाने चिकटवला.

छावणीनंतर या शब्दांचं दुसरं माहेर म्हणजे कारखाना. फ्रेडरिक विन्स्लो टेलर या अमेरिकी अभियंत्याने 1911 मध्ये कारखान्यातल्या कामाच्या शास्त्रावर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठा रोग होता 'सोल्जरिंग'. मुद्दाम हळू काम करायचं, पण मालकाला वाटलं पाहिजे की चांगल्या वेगाने चाललंय. शब्द खलाशांचा. जहाजावरून नेले जाणारे सैनिक जहाजाच्या कामाला हात लावत नसत, म्हणून कामचुकार खलाशाला बाकीचे 'सोल्जर' म्हणून हिणवत. टेलरने त्याचे दोन प्रकार केले. एक स्वाभाविक, म्हणजे माणसाला मुळातच आराम आवडतो तो. दुसरा पद्धतशीर, म्हणजे कामगारांनी आपसात ठरवून केलेला.

टेलरला कामगारांचा शत्रू ठरवणं सोपं आहे, पण या दुसऱ्या प्रकाराचं कारण त्याने प्रामाणिकपणे मांडलं. नगावर मजुरी असेल आणि कामगाराने दुप्पट नग काढले, तर मालक नगामागचा दर कमी करतो. पुन्हा तेवढीच कमाई आणि काम दुप्पट. एकदा असा फटका बसला की कुठलाही शहाणा माणूस आपला खरा वेग लपवतो. बाहेरून जो आळस दिसतो तो आत हिशेब असतो.

हा हिशेब उघडपणे मांडला गेला तेव्हा त्याला वेगळंच नाव मिळालं. स्कॉटलंडमध्ये 'का कॅनी' म्हणजे जपून, सावकाश चला. 1889 साली ग्लासगोच्या गोदी कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला. मालकांनी शेतमजूर आणून काम चालवलं आणि संप मोडला. कामगार जुन्याच पगारावर परतले, पण त्यांच्या संघटनेने सांगितलं की आता त्या शेतमजुरांसारखंच काम करा. ते जेवढं सांडत होते, जेवढं रेंगाळत होते, तेवढंच. थोड्याच दिवसांत मागितलेली वाढ मिळाली. ही गोष्ट फ्रान्समध्ये एमिल पुजे या कामगार नेत्याने उचलली आणि 1897 मध्ये तुलूझच्या कामगार अधिवेशनात तिला एक फ्रेंच शब्द जोडला: साबोताज. 'साबो' म्हणजे लाकडी खडावा. खडावा यंत्रात फेकून ते बंद पाडायचे ही कथा सगळीकडे वाचायला मिळते. ऐकायला झकास आहे, पण तिच्यावर विसंबू नये. खडावा घालून चालणारा खटखट करत, बेंगरूळपणे चालतो. 'साबोते' म्हणजे तसं गबाळं काम करणं. पुजेची घोषणा होती, 'वाईट पगार, वाईट काम'.

तो शब्द पुढे जपानला पोचला. 1919 मध्ये कोबे इथल्या कावासाकी गोदीत कामगारांनी संपाऐवजी हजर राहून काम मंदावलं. उघड संपावर पोलिसी कायद्याचा बडगा होता, हजर राहणाऱ्यावर कुठला गुन्हा लावणार? त्या लढ्यातून आठ तासांचा दिवस पदरात पडला आणि 'साबोताजु' हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघरी गेला. जपान्यांनी त्याची शेपूट कापली, आपल्या क्रियापदाचा 'रु' लावला आणि 'साबोरु' तयार केलं. आज जपानी पोरं तास बुडवण्याला 'साबोरु' म्हणतात. तास बुडवणाऱ्या पोराच्या तोंडी फ्रेंच खडावा आहे, हे त्याच्या गावीही नसतं.

आपलं 'पाट्या टाकणे' याच्या जवळपास बसतं, पण त्यात लढा नाही. पाटी म्हणजे माती, खडी वाहायची टोपली. मजुरी पाट्यांवर असेल तर पाटी पडली की झालं. ती भरली किती आणि कुठे पडली याच्याशी पाटीवाल्याला देणंघेणं नाही. पाट्या टाकणारा खोटं बोलत नाही, गैरहजर राहत नाही, कोणाला फसवतही नाही म्हणा. मोजलं जातं तेवढं तो देतो. चूक मोजणाऱ्याची की टाकणाऱ्याची, हा प्रश्न मराठीने मोकळा ठेवलाय. टंगळमंगळ, टिवल्याबावल्या हे शब्द त्या मानाने निरागस. त्यांच्यात मालक दिसतच नाही.

मोजणीचा प्रश्न चिनी भाषेने दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका गोष्टीत बसवून ठेवला. छी राज्याच्या श्वान राजाला 'यू' नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य ऐकायला आवडायचं, तेही तीनशे वादकांच्या ताफ्याचं. नानक्वो नावाचा माणूस वाजवता येत नसताना त्या ताफ्यात शिरला. गाल फुगवायचे, मान डोलवायची, बाकीच्यांच्या बरोबरीने शिधा घ्यायचा. राजा वारला आणि मुलगा गादीवर आला. त्याला वादकांना एकेक करून ऐकायची हौस. नानक्वोने रातोरात पळ काढला. 'लान यू छुंग शू', नुसती संख्या भरायला वाजवलेला यू, ही म्हण आजही चीनमध्ये रोजच्या बोलण्यात आहे. आजच्या कार्यालयातली चिनी कामचुकारी मात्र 'मो यू' म्हणजे मासे चाचपणे. गढूळ पाण्यात हात घालून मासे पकडावेत या जुन्या म्हणीतून तो शब्द आलाय.

नानक्वोचा कित्ता प्रयोगशाळेतही गिरवला गेला. माक्स रिंगेलमान या फ्रेंच शेतकी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली. निष्कर्ष 1913 मध्ये छापले गेले. आठ जण एकत्र ओढू लागले की प्रत्येकाच्या वाट्याची ओढ एकट्याने ओढताना असते त्याच्या निम्म्यावर येते. पण हे अंग चोरल्यामुळे, की सगळ्यांचा झटका एका क्षणी बसत नाही म्हणून? 1974 मध्ये अमेरिकी संशोधकांनी त्यावर गमतीशीर तोडगा काढला. ज्याची परीक्षा त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला पुढे उभं केलं, आणि मागे संशोधकांचेच साथीदार दोर ओढल्याचं नाटक करत उभे राहिले. प्रत्यक्षात माणूस एकटाच ओढत होता, तरी आपल्यासोबत आणखी कोणी आहे असं वाटताच त्याची ओढ कमी झाली. अंगचोरी पकडायला ओढण्याचं सोंग करावं लागलं, ही त्यातली खरी मजा. तो माणूस काही ठरवून फसवत नव्हता. विचारलं असतं तर पूर्ण जोर लावला असंच त्याने सांगितलं असतं, असं मला वाटतं.

आतापर्यंतची सोंगं खालून वर जाणारी होती. काही सोंगं अख्खी व्यवस्थाच करते. ब्राझीलमध्ये नुसत्या देखाव्याला 'पारा इंग्लेस वेर' म्हणतात, इंग्रजांनी पाहावं म्हणून. ब्रिटनच्या दबावाखाली तिथे 1831 साली गुलाम आणण्यावर बंदीचा कायदा झाला आणि तो कागदावरच राहिला. 1850 च्या कडक कायद्यापर्यंत लाखो आफ्रिकी माणसं जहाजांतून उतरवली जात राहिली. हा वाक्प्रचार त्या कायद्यावरूनच पडला असं सांगतात.

सोव्हिएत श्रमछावण्यांत 'तुफ्ता' हा शब्द होता: न झालेलं काम झालं म्हणून लिहिणे. कैद्याला किती भाकरी मिळणार हे त्याने ठरलेलं काम पुरं केलं की नाही यावर ठरायचं आणि ते काम बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं असायचं. खोटा आकडा लिहिला की माणूस जगायचा. मुकादमालाही वर आकडा दाखवायचा असायचा, म्हणून तो डोळेझाक करायचा, आणि त्याच्या वरचाही. 1931 ते 1933 मध्ये श्वेत समुद्र ते बाल्टिक हा कालवा कैद्यांकडून खोदून घेतला गेला. त्याबद्दल कैद्यांची म्हण होती: तुफ्ता नसती आणि सुरुंग नसता, तर कालवा झालाच नसता. या सोंगाला कामचोरी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

त्याच राज्याकडे वरून खाली फेकायचा शब्दही होता: 'तुनेयादेत्स', फुकट खाणारा. मराठीतला ऐतखाऊ जसाच्या तसा. फरक एवढाच की 1961 च्या हुकुमाने ही शिवी गुन्हा झाली. 1964 मध्ये लेनिनग्राडच्या न्यायालयात कवी जोसेफ ब्रॉडस्की याच आरोपाखाली उभे राहिले. तुम्हाला कवी म्हणून कोणी नेमलं, असं न्यायाधीशबाईंनी विचारलं. कोणीच नाही, आणि मला माणूस म्हणून तरी कोणी नेमलं, असं ब्रॉडस्कींचं उत्तर. ते कविता आणि भाषांतरं करत होते, पण कचेरीच्या हजेरीपटावर नव्हते. पाच वर्षांची सक्तमजुरीची हद्दपारी झाली. दीड वर्षाने सुटका.

जर्मनीत 'ड्र्युकेबेर्गर', म्हणजे अंग काढून घेणारा, हा शब्द पहिल्या महायुद्धात ज्यूंवर फेकला जात होता. ज्यू आघाडी टाळतात ही कुजबुज वाढली, तेव्हा प्रशियाच्या युद्धमंत्रालयाने ऑक्टोबर 1916 मध्ये सैन्यातल्या ज्यूंची गणती करायचा हुकूम काढला. गणती झाली, पण निकाल युद्धकाळात जाहीर केलाच नाही, आणि कुजबुज तशीच चालू राहिली. त्या युद्धात जर्मनीकडून लढताना सुमारे 12,000 ज्यू सैनिक मेले. कामचुकार कोण, हे ठरवायचा अधिकार ज्याच्या हातात असतो त्याला पुराव्याची घाई नसते.

या सगळ्यात एक प्रकार मात्र कुठल्याच मालकाला पकडता आलेला नाही. जर्मनीत त्याला 'नियमावलीप्रमाणे सेवा' म्हणतात, आपल्याकडे 'नियमानुसार काम', आणि फ्रेंचांनी तर त्याचं नाव 'ग्रेव्ह द्यु झेल' ठेवलंय, उत्साहाचा संप. प्रत्येक पिशवी उघडून पाहायची, प्रत्येक कागद दोनदा वाचायचा, प्रत्येक सही तपासायची. रांग दरवाजाबाहेर जाते, सगळं ठप्प होतं, आणि साहेबाला एकच तक्रार करता येते की हे लोक फारच नीट काम करताहेत.